स्वतःशी बोलताना जरा जपून

रिझल्टच्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून एक चक्कर मारा आणि कान उघडे ठेवा. "माझ्या डोक्यात नुसते दगड भरलेत." "इंजिनिअरिंगला यायची माझी लायकीच नव्हती." "बाबांच्या पैशांची माती केली मी." "मी ना, एक नंबरची बिनडोक आहे." ही वाक्यं कोणी दुसऱ्या कोणाला ऐकवत नसतं. जो तो स्वतःलाच सुनावत असतो. आता कल्पना करा, हीच वाक्यं मेसमध्ये कोणीतरी तुमच्या रूममेटला तोंडावर ऐकवली तर? ताटं बाजूला सरकतील, बाचाबाची होईल, प्रकरण थेट रेक्टरच्या ऑफिसात जाईल. पण तीच वाक्यं माणूस स्वतःला म्हणतो तेव्हा आपण शेजारी बसून चिवडा खात ऐकून घेतो आणि वर म्हणतो, "किती सिन्सिअर आहे बघ."

मित्र-मैत्रिणींनो, या लेखाचा विषय तोच आहे. आपण स्वतःला कसं वागवतो? इंग्रजीत याला 'सेल्फ-कम्पॅशन' म्हणतात. मराठीत 'आत्मकरुणा' असा शब्द वापरतात, पण तो ऐकला की मला उगाचच कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. म्हणून मी 'स्वतःशी मायेनं वागणं' एवढंच म्हणणार आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!)

हा काय नवा फंडा?

फंडा नवा नाही, पण त्याचा पद्धतशीर अभ्यास तसा अलीकडचा. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, क्रिस्टिन नेफ नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी २००३ साली या विषयावर निबंध लिहिले आणि माणूस स्वतःशी कितपत मायेनं वागतो हे मोजायला २६ प्रश्नांची एक पट्टी तयार केली. आपण इंजिनिअर लोक. मोजता येतं म्हटल्यावर आपला जरा विश्वास बसतो.

त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात. पहिली सरळ आहे: अडचणीत किंवा अपयशात स्वतःला झोडपण्याऐवजी समजुतीनं वागायचं. दुसरी अशी, की हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय असं न समजता माणसांचं असं होतच असतं हे लक्षात ठेवायचं. रिझल्ट लागल्यावर जो दार लावून बसतो त्याला वाटत असतं, अख्ख्या हॉस्टेलात नापास झालेला मी एकटाच. प्रत्यक्षात त्याच मजल्यावर आणखी सात दारं आतून लावलेली असतात.

तिसरी गोष्ट समजायला मला वेळ लागला, आणि समजली ती मेकॅनिक्समुळे. फर्स्ट इयरला फ्री बॉडी डायग्राम शिकवताना सर सारखे बजावायचे, जे फोर्स आहेत तेवढेच दाखवा. एकही सोडू नका आणि एकही मनानं घालू नका. नेफबाईंचा तिसरा मुद्दा नेमका हाच आहे. जे झालंय ते आहे तेवढंच बघायचं. 'एका विषयात ४० पैकी ३१ मिळाले, ९ कमी पडले' हा खरा फोर्स आहे, तो बाण काढावाच लागेल. 'आता माझं प्लेसमेंट होणार नाही, लग्न होणार नाही, गावात तोंड दाखवता येणार नाही' हे बाण डायग्राममध्ये कुठून आले? ते आपण रात्री दोन वाजता मनानं घातले. आणि उलटही चालत नाही बरं का. 'काय फरक पडतो यार, मला काही वाटत नाही' असं म्हणून खरा बाण खोडून टाकला तर इक्वेशन चुकणारच.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. 'आत्मविश्वास वाढवा' छापाची पुस्तकं आपल्या सगळ्यांच्या कपाटात एखादं तरी असतं, बहुतेक कोणत्यातरी काकांनी बारावीला भेट दिलेलं. त्यातला सल्ला असतो, तू ग्रेट आहेस, तू खास आहेस. हा सल्ला जिंकताना छान चालतो. पण आपल्या कॉलेजचंच गणित बघा. वर्गात साठ जण, आणि जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिल्या पाचातला. हे साठ हुशार एका वर्गात आले की त्यांतल्या कोणाला तरी साठावा नंबर येणारच. यात कोणाचा गुन्हा नाही, ही नुसती मोजणी आहे. 'मी पहिली येते म्हणून मी चांगली' या पायावर ज्याचं घर उभं आहे त्याचं घर पहिल्या सेमला हलतं. स्वतःशी मायेनं वागायला पहिला नंबर लागत नाही. साठावा आला तरी चालतं, किंबहुना त्याच दिवशी त्याची गरज जास्त.

बोलणी कोणत्या भाषेत बसतात?

हा मुद्दा मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही, आमच्या मजल्यावरच सापडला. स्वतःला शिव्या घालताना आपण कोणत्या भाषेत घालतो? मी लक्ष ठेवून पाहिलं. माझ्या डोक्यातला रागावणारा आवाज इंग्रजी बोलतो. 'केअरलेस', 'लेझी', 'व्हॉट इज राँग विथ यू'. कारण उघड आहे. शाळेत बोलणी इंग्रजीत बसायची आणि प्रगतिपुस्तकावरचे शेरेही इंग्रजीत असायचे. समजूत मात्र घरी मराठीत निघायची. आजी नुसतं "असू दे गं, होतं असं" म्हणायची आणि ताटात गरम भात वाढायची. त्यामुळे माझ्या डोक्यात कोर्टाची भाषा इंग्रजी आणि माजघराची मराठी, अशी विभागणी झालेली आहे.

मग मी मैत्रिणींना विचारलं. लातूरकडची एक जण म्हणाली, मला आतून वडिलांचा आवाज येतो, थेट त्यांच्या शब्दांत, 'कशाला शिकवायचं तुला' या चालीवर. दुसरीला क्लासच्या सरांचा. तिसरी म्हणाली, माझा माझाच आहे, पण सूर मोठ्या ताईचा आहे. थोडक्यात, हा आवाज बहुतेकांनी कुठून तरी उसना आणलेला असतो आणि परत द्यायचा राहून गेलेला असतो. एवढं ओळखलं तरी त्याचा अर्धा जोर कमी होतो, हा माझा अनुभव.

आपल्याकडे स्वतःच्या मनाशी बोलायची परंपरा काही कमी नाही. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक म्हणजे सगळा मनाशीच संवाद. (आमच्या शाळेत ते नव्हते. रूममेट रोज संध्याकाळी म्हणते, त्यामुळे मला निम्मे ऐकून पाठ झालेत.) त्यातली मला आवडलेली गोष्ट ही, की समर्थ मनाला भरपूर उपदेश करतात, वेळेला दटावतातही, पण सुरुवातीला हाक मारतात ती 'सज्जन' म्हणून. गाढव म्हणून हाक मारून कोणी उपदेश ऐकवला तर आपण ऐकतो का? मनही ऐकत नसावं.

हाकेचा हा परिणाम प्रयोगातही दिसलेला आहे. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी बोलताना 'मी, मी' करण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून बोलणाऱ्यांना त्या प्रसंगाला सामोरं जाणं तुलनेनं सोपं गेलं. स्वतःपासून थोडं अंतर मिळतं, शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीशी बोलल्यासारखं. मराठीत तर आपल्याकडे 'अगं' आणि 'अरे' आहेत. 'अगं, आधी पाणी पी, मग बघू' हे वाक्य स्वतःला म्हणून बघा. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं. मनातल्या मनात म्हटलं तरी चालतं, व्हायवाच्या रांगेत मोठ्यानं म्हणू नये.

"लाडावून ठेवलं तर अभ्यास कोण करणार?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि तो नुसता सर लोकच विचारतात असं नाही. सगळ्यात जोरात तो आमच्या वर्गाच्या टॉपरनं विचारला. तिचं म्हणणं, "मी स्वतःला शिव्या घालते म्हणूनच पहाटे चारला उठते." शंका रास्त आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की चाबूक खाली ठेवला तर घोडा बसून घेईल.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या दोघींनी नेमकं हेच तपासलं. निबंध २०१२ चा आहे. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली, म्हणजे ती खराब जाणारच. त्यानंतर एका गटाला सांगितलं, ही परीक्षा बऱ्याच जणांना अवघड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाला सांगितलं, तुम्ही इथे प्रवेश मिळवलाय म्हणजे हुशारच असणार. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. मग पुन्हा तशाच परीक्षेची तयारी करायला वेळ दिला, हवा तेवढा. सगळ्यात जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटानं.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाचं काम त्याआधीचं, २०१० चं. वोल, पिचिल आणि बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची चालढकल अभ्यासली. (वाचताना मला आमचा पूर्ण हॉस्टेल ब्लॉक डोळ्यांसमोर आला.) पहिल्या परीक्षेआधी ज्यांनी अभ्यास पुढे ढकलला आणि नंतर त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. जे स्वतःला कोसत राहिले त्यांना तो फायदा मिळाला नाही. विचार केला तर कारण कळतं. ज्या पुस्तकाकडे बघितलं की शरम वाटते, ते पुस्तक आपण उघडत नाही. मग मोबाईल उघडतो.

मेटलर्जीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. स्टील तापवून एकदम पाण्यात बुडवलं की कडक होतं, भरपूर कडक. पण तसंच वापरायला घेतलं तर ठिसूळ निघतं, हातोड्याच्या घावाला छिन्नीचा टवका उडतो. म्हणून क्वेन्चिंगनंतर टेम्परिंग करतात. पुन्हा मध्यम तापमानाला तापवायचं, थोडा कडकपणा जाऊ द्यायचा आणि त्या बदल्यात चिवटपणा मिळवायचा. वर्कशॉपमध्ये कोणी याला स्टीलचे लाड म्हणत नाही.

विमानवाल्यांकडून शिकण्यासारखं

पण मला सगळ्यात पटलेलं उदाहरण मानसशास्त्रातलं नाही, विमानातलं आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ नंबरचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरण्याच्या तयारीत असताना डोंगराला धडकलं आणि आतले सगळे, ९२ जण गेले. चौकशीत पुढे आलं की काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी तशाच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण ती माहिती टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत पोचलीच नाही.

यातून १९७६ साली अमेरिकेत एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकानं, कंट्रोलरनं किंवा मेकॅनिकनं आपल्या हातून झालेली चूक स्वतःहून लिहून कळवायची. आणि ती कळवायची कोणाला? शिक्षा करणाऱ्या खात्याला नव्हे, तर नासाला, कारण नासाला कोणाचं लायसन्स काढून घ्यायचा अधिकारच नाही. नासा त्यातून नावगाव काढून टाकते आणि फक्त चूक कशी घडली तेवढं ठेवते. दहा दिवसांत कळवलं तर, मुद्दाम केलेली आगळीक किंवा गुन्हा सोडून, दंडातून सूटही मिळते. आजवर लाखो रिपोर्ट आले आहेत. त्यांतून धावपट्टीवरच्या खुणांपासून नकाशांपर्यंत कितीतरी गोष्टी दुरुस्त झाल्या.

यात कोणी म्हणत नाही की चुकलं तरी चालतं. विमानात चुकलं तर माणसं मरतात, तिथे 'चलता है' चालत नाही. उलट चूक इतकी महत्त्वाची आहे की ती लपून राहणं परवडत नाही, आणि प्रत्येक चुकीला फटका ठरलेला असला की लोक ती लपवतात. अगदी चांगले, प्रामाणिक लोकसुद्धा.

आता हीच व्यवस्था आपल्या डोक्यात लावून बघा. आपल्या आत चूक करणारा आणि शिक्षा देणारा एकाच खोलीत राहतात. चूक दिसली रे दिसली की फटका. मग आपण काय करतो? बघायचंच टाळतो. टेस्टचे पेपर मिळाले की घडी घालून बॅगेच्या तळाशी. सरांनी लाल पेनानं नेमकं काय लिहिलंय ते न वाचता फक्त मार्क बघायचे आणि पान उलटं करायचं. चुकीची माहिती जिथे लिहिलेली असते नेमकं तेच पान आपण वाचत नाही. स्वतःला झोडपणं म्हणजे शिस्त, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा तोटा हिशेबात धरावा. रागावून रागावून आपण आपलाच रिपोर्टर पळवून लावतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचा एम-थ्री तिसऱ्यांदा राहिला. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, नाव गाळून.) ती रडली वगैरे नाही. तिनं स्वतःला शिक्षा ठरवली. सकाळचा नाश्ता बंद. रविवारी मेसला श्रीखंड-पुरी असते, ती बंद, का तर 'केटीवाल्यांनी श्रीखंड खायचं नसतं'. झोप चार तास. रूमवर कोणी हसलं तरी ती भिंतीकडे तोंड करायची. आणि एवढी कडक शिस्त असूनही तिनं उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला नव्हता. मुदत संपायला दोन दिवस होते. आम्ही विचारलं तर म्हणाली, "त्यात काय बघायचंय? मला गणित येत नाही एवढंच लिहिलं असणार."

शेवटी तिच्या रूममेटनं एक युक्ती केली. तिला म्हणाली, समज हा पेपर माझा आहे आणि मी तुझ्याकडे रडत आलेय, मग तू काय करशील? ती पटकन म्हणाली, "तुला आधी जेवायला नेईन आणि मग पेपर बघेन." म्हटल्यावर दुसरं काही बोलायची गरज उरली नाही. अर्ज शेवटच्या दिवशी गेला.

छायाप्रत आली तेव्हा चौघी मिळून पलंगावर पसरून बसलो. लाप्लास जवळजवळ सगळं बरोबर होतं. स्टॅटिस्टिक्स ठीक. मार्क गेले होते ते व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये, आणि तेही एका ठराविक जागी. स्टोक्सच्या थिअरमची गणितं ती सोडवायलाच घेत नव्हती, पूर्ण प्रश्न कोरा. तीन प्रयत्नांत तिनं पूर्ण सिलॅबस तीनदा पहिल्यापासून वाचला होता आणि दर वेळी त्या युनिटपर्यंत पोचेतो पीएल संपली होती. 'मला गणित येत नाही' या वाक्यात यांतलं काहीच कळत नव्हतं. 'युनिट पाच शेवटी येतं आणि राहून जातं' यात सगळं कळत होतं. या खेपेला तिनं युनिट पाचपासून सुरुवात केली.

शेरा आणि दोष

हा फरक ज्यांनी फार ठासून सांगितला ते न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस. १९१३ ते २००७ असं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं, आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. मराठीत त्यांच्यावर अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक आहे. एलिस म्हणायचे, कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. 'हे गणित चुकलं' हे तपासता येतं. 'मी चुकीची आहे' हे कुठल्या पट्टीनं मोजणार?

त्यांचा स्वतःचा किस्सा मजेदार आहे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची प्रचंड भीती. म्हणून त्यांनी ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की जाऊन बोलायचं असं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलले. फक्त एक जण पुन्हा भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. आपल्या हिशेबानं शंभर टक्के फेल. एलिसच्या हिशेबानं भीती गेली, म्हणजे प्रयोग यशस्वी. (बॉईज हॉस्टेलनं यातून चुकीचा बोध घेऊ नये.)

मग करायचं काय?

आमच्या मजल्यावर आम्ही काही गोष्टी करून पाहिल्या, त्यांतल्या टिकल्या त्या सांगते. जर्नलच्या मागच्या पानावर स्वतःला घातलेली शिवी जशीच्या तशी लिहायची. खाली तेच वाक्य मशीनच्या मेंटेनन्स रिपोर्टसारखं लिहायचं. 'मी बिनडोक आहे' याखाली 'गणितं फक्त वाचली, हातानं सोडवली नाहीत'. 'मी आळशी आहे' याखाली 'दुपारी जेवून पलंगावर बसले, झोप लागली. लायब्ररीत बसायला हवं होतं'. मशीन बंद पडलं तर रजिस्टरमध्ये कोणी 'मशीन नालायक आहे' असं लिहीत नाही. बेअरिंग गेलं की बेल्ट तुटला ते लिहितात. हे लिहिणं अजिबात गोड-गोड नाही, उलट थोडं झोंबतं. पण त्यातून उद्या काय करायचं ते निघतं.

दुसरी गोष्ट शरीराची, आणि ती आपण फारच हलक्यात घेतो. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट म्हणतात, आपल्यात धोका ओळखणारी, पळवणारी आणि शांत करणारी अशा तीन यंत्रणा असतात, आणि स्वतःवर कडाडून टीका केली की धोक्याची यंत्रणा जागी होते, जणू समोर शत्रू उभा आहे. छातीत धडधडतंय, हात गार पडलेत, अशा अवस्थेत डिफरन्शियल इक्वेशन सुटत नाही. म्हणून आधी जेवण, झोप, अंघोळ, सावकाश श्वास, मग समजूत. नाइट मारण्याला आपल्याकडे फार मान आहे. माझं स्पष्ट मत, तो मान थोडा कमी व्हायला हवा. नाश्ता सोडण्याला तर अजिबातच नको.

सर आणि मॅडम लोकांनाही, लहान तोंडी मोठा घास घेऊन, एक सांगावंसं वाटतं. वर सांगितलेले उसने आवाज कुठून तरी येतात. व्हायवाला मिळालेलं एखादं वाक्य मुलं दहा वर्षं डोक्यात बाळगतात. आमच्या एक मॅडम चुकलेल्या असाइनमेंटवर 'रिपीट' एवढंच न लिहिता 'कुठे अडलं ते दाखवायला ये' असं लिहितात. त्या मार्क देताना अजिबात सैल नाहीत. तरीही त्यांच्या केबिनबाहेर रांग असते.

एक धोक्याची सूचना मात्र द्यायला हवी. काही जणांना स्वतःशी मायेनं वागायला लागल्यावर आधी बरं न वाटता उलट रडूच येतं, जुनं काहीबाही वर येतं. नेफ यांच्याबरोबर काम करणारे ख्रिस्टोफर गर्मर याला 'बॅकड्राफ्ट' म्हणतात. हा शब्द अग्निशमनातला आहे. बंद खोलीत आग धुमसत असते, दार उघडून हवा आत गेली की ती भडकते. तसं झालं तर घाबरू नये आणि एकदम सगळं दार उघडूही नये. एखादा दिवस नुसतं चालून यावं, कोणाशी तरी बोलावं. आणि स्वतःला शिक्षा करणं उपाशी राहण्याच्या पुढे जात असेल, जगणंच नको असं वाटत असेल, तर हा लेख आणि आमच्या जर्नलची पानं पुरेशी नाहीत, तिथे जाणकार माणूसच हवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीतही बोलता येतं. आमच्या मजल्यावर वॉटर कूलरच्या वर मी तो जाड मार्करनं लिहून ठेवलाय. भिंतीवर लिहायला खरं तर बंदी आहे, पण रेक्टर मॅडमनी तो अजून पुसायला लावलेला नाही.